सांगलीचा कृष्णाकाठ: घाट, नाट्यमंदिर आणि हरिपूरची न झालेली वाट

आधी निकाल सांगते, तपशील नंतर. सांगलीचा कृष्णाकाठ बघायला जरूर जा. पण ‘घाटावर उतरायचं आणि नदीच्या कडेकडेनं चालत थेट हरिपूरच्या संगमापर्यंत जायचं’ असा बेत कुणी सुचवला, तर तो तिथल्या तिथं मोडा. सलग वाट नाही. आम्ही गेलो तेव्हा तरी नव्हती. घाटांचे तुकडे आहेत आणि ते चांगले आहेत. त्यांच्या पुढं जे काही आहे त्याला वाट म्हणायची माझी तयारी नाही.

आम्ही तिघं साताऱ्याचे, हौशी नाटकवाले. 5 नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन एकदा तरी सांगलीत काढायचा, असं कित्येक वर्षं नुसतं ठरत होतं. मी, माझी मैत्रीण आणि आमच्या संस्थेतले अण्णा. अण्णा साठीच्या पुढचे आहेत, पण अजिंक्यतारा अजून न थांबता चढतात, त्यामुळे चालण्याची काळजी नव्हती. जायच्या आधी एक व्हिडिओ आमच्या ग्रुपवर फिरत होता. ड्रोननं टिपलेला आयर्विन पूल, संध्याकाळची नदी, घाटावरचे दिवे, नवी फरशी, आणि वर मजकूर: नाट्यपंढरीचा नवा रिव्हरफ्रंट. त्यातच पुढं सांगितलं होतं की घाटापासून हरिपूरपर्यंत नदीकाठानं ‘सुंदर वॉक’ आहे, तासाभरात होतो. आमचा सगळा दिवस त्या एका वाक्यावर आखलेला होता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

साताऱ्याहून सांगलीला पोचण्यात काही विशेष नाही. एसटीनं कराड, पेठ नाका, आष्टा असं जाता येतं किंवा रेल्वेनं. साताऱ्याचं स्टेशन माहुलीकडे, गावाबाहेर आहे हे तुम्हाला माहीत असेलच. आम्ही एसटीनं गेलो, सकाळी पोचलो, स्टँडवर चहा घेतला.

आणि तिथंच पहिला फटका बसला. स्टँडबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, घाटावर जायचंय. ‘बसा की ताई, दीडशे द्या.’ अंतर किती, याचा आम्हाला अंदाज नव्हता. बसलो. निघालो म्हणेपर्यंत ‘आला घाट, उतरा.’ संध्याकाळी तेच अंतर आम्ही गप्पा मारत चालत आलो आणि दमलोही नाही. तुम्ही बाहेरचे आहात, पाठीवर सॅक आहे आणि तोंडात ‘घाट’ हा शब्द आहे, एवढ्यावर भाडं ठरतं. दुसऱ्या दिवशी हरिपूरला जाताना तर तीनशे सांगितले. शेजारी बाजाराची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एका मावशींनी मधेच त्या रिक्षावाल्याला झापलं, ‘तीनशे कशाचे रं? रोज जातो आम्ही हरिपूरला.’ भाडं झटक्यात सव्वाशेवर आलं. तेव्हा सरळ सांगते: बसायच्या आधी तिथल्या माणसाला भाडं विचारा, दुकानदाराला विचारा, कुणालाही विचारा, आणि मग रिक्षावाल्याशी बोला. गावातल्या गावात तर रिक्षा करूच नका. गणपती मंदिर, राजवाड्याचा परिसर, घाट, पूल, भावे नाट्यमंदिर हे सगळं चालण्यातलं आहे.

घाटांबद्दल. सरकारी घाट, विष्णू घाट, माई घाट, स्वामी समर्थ घाट अशी नावं कानावर येतात आणि नवख्याला कुठला कुठं संपला हे कळत नाही. वरच्या पायऱ्या स्वच्छ होत्या, बसायला जागा होती, दिवे होते. सकाळी पोहायला येणारे, सूर्याला अर्घ्य देणारे, नुसतेच येऊन बसणारे असे सगळे असतात, आणि ही माणसंच त्या जागेची खरी शोभा आहेत. एक आजोबा रोजच्या ठरलेल्या पायरीवर बसून पेपर वाचत होते आणि येणारा जाणारा प्रत्येक जण त्यांना नमस्कार करत होता. खालच्या पायऱ्यांवर मात्र पावसाळ्यानं आणलेला गाळ अजून होता. वरून वाळल्यासारखा दिसतो, पाय ठेवला की सरकतो. नोव्हेंबरात जाणाऱ्यांनी शेवटच्या पाच-सहा पायऱ्यांचा नाद सोडावा. आणि सपाट तळाची चप्पल घालून येऊ नका, मागं पट्टा असलेली सँडल किंवा बूट हवेत.

पाण्यात उतरायचं का? माझं उत्तर, नाही. तिथले लोक पोहतात, ते लहानपणापासून त्या पाण्यात आहेत, त्यांना कुठं खोल आणि कुठं ओढ ते कळतं. सांगलीच्या होड्यांच्या शर्यती प्रसिद्ध आहेत, त्या उगाच नाहीत. आपण पाहुणे. शिवाय या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. ही दंतकथा नव्हे. भिलवडी, डिग्रजपासून हरिपूरपर्यंतच्या नदीकाठच्या माणसांना ते रोजचं आहे. आणि तिसरं कारण शेरीनाला. शहराचं सांडपाणी या नाल्यातून कृष्णेला मिळतं, हा सांगलीचा फार जुना घाव आहे. ते पाणी उचलून धुळगावकडे नेण्याची योजना झाली, तिच्याबद्दल सांगलीकर अजूनही पोटतिडकीनं बोलतात. घाटावर नवी फरशी आणि दिवे आले याचा मला आनंदच आहे. पण वारा फिरला की नाल्याचा वास घाटावर येतो, आणि त्या व्हिडिओत वास येत नव्हता. नदीकाठ सुधारला असं म्हणायचं तर आधी नदी सुधारली पाहिजे, असं मला तिथं उभं राहून फार वाटलं.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण प्रवासवर्णनं ती टाळतात. घाटावर वापरता येईल असं स्वच्छतागृह आम्हाला सापडलं नाही. एक होतं, त्याला कुलूप होतं. हॉटेलातून किंवा स्टँडवरून निघतानाच सोय करून निघा. संध्याकाळी नाट्यमंदिरात सोय होते, पण दार उघडं असेल तरच.

आता ती वाट.

घाटावरून आम्ही दक्षिणेकडे, नदी ज्या दिशेनं वाहते तिकडे निघालो. सुरुवातीला पायाखाली फरशी होती, मग काँक्रीट, मग पायवाट. इथपर्यंत ठीक. पुढं मळीची रानं लागली. सांगलीकडे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला मळी म्हणतात आणि तिथली वांगी सगळीकडे नावाजलेली आहेत. म्हणजे ही कुणाची तरी शेतं आहेत, उभ्या पिकाची. बांधावरून जाताना दोन्ही बाजूंनी वाफे, मधे पाणी उपसायच्या मोटारींचे पाइप आडवे, आणि बांध इतका अरुंद की समोरून माणूस आला तर एकानं वाफ्यात उतरावं. ते मनाला पटत नव्हतं. अण्णा म्हणाले, ‘अगं, आपण कुणाच्या तरी रानातनं चाललोय.’ तरी व्हिडिओत सांगितलं होतं, तासाभरात होतो, म्हणून पुढं गेलो.

त्यानंतर ओघळ आला. पुराचं पाणी ओसरताना काठाची माती कापत नदीकडे जातं, त्यातून हे ओघळ पडतात. वरून पाहिलं तर फार मोठा नाही, माणूसभर खोल असेल. पण दोन्ही बाजूंना काळी माती, वर बाभळीचे काटे, आणि तळाशी घोट्यापर्यंत चिखल. मैत्रीण उतरली, तिचा बूट चिखलात राहिला, तो काढण्यात वेळ गेला. अण्णा उतरताना घसरले आणि त्यांनी आधाराला बाभळ धरली. हाताला काटा खोल गेला. गडावर चढणं वेगळं, तिथं दगड पायाला धरून ठेवतो. इथं जमीनच पायाखालून निघून जाते. डोंगर चढण्याची सवय या चिखलात काही कामाची नाही. एक ओघळ पार केला तर पुढं दुसरा, आणि त्याच्या पलीकडे दाट घाणेरी माजलेली. तिथून नदी अगदी जवळ होती, पण पाण्याकडेनं जायला काठच नव्हता, सरळ कडा.

तिथं रानात वांगी तोडणाऱ्या एक काकू भेटल्या. त्यांनी आम्हाला बघून कपाळाला हात लावला. ‘हितनं कुटं जाताय? वाट न्हाई हितनं. मागं फिरा, आणि मळ्यातनं वर रस्त्याला लागा. रोज कोन न कोन येतंय, म्हनं हरिपूरला जायाचंय.’ मग अण्णांचा हात बघितला, विहिरीच्या पाण्यानं धुवायला लावला, पदराच्या पिनेनं काटा काढला, हळद लावली. आणि निघताना बजावलं, ‘पान्याकडंला बसू नगासा. मगर हाय.’ आम्ही पैसे विचारले नाहीत, त्यांनी मागितले नाहीत. तिघांच्या हातात दोन-दोन वांगी मात्र कोंबली.

त्या काकूंचं एक वाक्य मला सगळ्यात लागलं. रोज कुणी ना कुणी येतं. म्हणजे तो व्हिडिओ बघून लोक यांच्या पिकातून चालत जातायत, फसतायत, परत फिरतायत. ज्यानं तो काढला त्यानं ही वाट पायानं चालून पाहिलेली नाही, हे मी छातीठोक सांगते. तेव्हा हात जोडून विनंती: मळीच्या रानातून जाऊ नका. तिथं तुमचा बूट फसेल ही गोष्ट लहान आहे. कुणाचं तरी पीक तुडवलं जातं, ही मोठी.

खरी वाट साधी आहे. सांगलीतून हरिपूरला डांबरी रस्ता जातो. तीन-चार किलोमीटरच्या आतबाहेर अंतर. वाटेत बागेतला गणपती लागतो, सावली आहे, सकाळी लवकर निघालात तर चालत जाणं अगदी सुखाचं. आम्ही दुसऱ्या दिवशी जाताना रिक्षा केली, कारण आदल्या दिवसाच्या चिखलानं अंग आंबलं होतं, पण परत येताना चालत आलो. तुम्ही दोन्ही वेळा चाला.

आणि हरिपूर. इथं मात्र मला हात आखडता घ्यायचा नाही. आदल्या दिवसाचा सगळा राग या गावानं पुसून टाकला. संगमेश्वराचं देऊळ, खाली उतरणारा घाट, समोर वारणा येऊन कृष्णेला मिळते. श्रावणात सोमवारी इथं जत्रा असते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आम्ही गेलो तेव्हा देवळात दोन आज्या आणि एक मांजर. संगमावर पलीकडे कोथळीला जाणारा पूल झाला आहे. त्या पुलावर मधोमध उभं राहून दोन नद्या बघा. आम्ही तिथं किती वेळ उभे होतो ते घड्याळात कुणी पाहिलं नाही.

देवळाजवळ पार आहे. गोविंद बल्लाळ देवल या गावचे, जन्म 1855 चा. ‘संगीत शारदा’ त्यांनी याच पारावर बसून लिहिलं असं गावात सांगतात. 1899 मध्ये रंगमंचावर आलेलं ते नाटक. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्याविरुद्ध, आपल्या समाजातला चालू प्रश्न घेऊन उभं राहिलेलं. अण्णांनी तरुणपणी त्यातल्या एका भूमिकेसाठी वर्षभर तालीम केली होती आणि प्रयोग काही झाला नव्हता. ते पारावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आपली वाक्यं म्हणायला लागले, हळू आवाजात, एकही शब्द न चुकता. देवळातून आलेली एक मुलगी सायकल धरून ऐकत उभी राहिली. मी महाराष्ट्रातली बरीच नाट्यगृहं बघितली आहेत, वातानुकूलित, गुबगुबीत खुर्च्यांची. त्या पाराची सर एकालाही नाही, आणि हे मी थकव्याच्या किंवा भावनेच्या भरात लिहीत नाही. त्यासाठी कुणाला एक रुपया द्यावा लागत नाही.

हरिपुरात आणखी एक विचारा: पेव. हळद साठवायला जमिनीत खोल खणलेली कोठारं, तोंड अरुंद, आत प्रशस्त. सांगलीच्या हळदीच्या व्यापारामागं हरिपूरच्या या पेवांचा मोठा वाटा. इथली माती अशी की आत ओल येत नाही आणि हळदीला कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नाही. आधी आत कंदील सोडून बघतात, तो विझला नाही तर हवा ठीक. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, कित्येक कायमची निकामी झाली, हळद वाया गेली. आता वापरात फार कमी राहिली आहेत. गावातल्या जुन्या माणसाला विचारलंत तर जागा दाखवतात. स्वतःहून शेतात शिरून शोधू नका आणि झाकण दिसलं म्हणून वाकून डोकावू नका.

पुराचा विषय निघालाच आहे तर. सांगलीत नदीकाठच्या कुठल्याही जागेबद्दल बोलताना लोक आपोआप साल सांगतात: 2005, 2019, 2021. आयर्विन पुलावरची पातळी हेच शहराचं मोजमाप. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांच्या वर गेली. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्या पुरात भिजून गेली, त्यात जुनी, पुन्हा न मिळणारी होती. गावभागातल्या एका चहावाल्यानं दुकानातली रेघ हात वर करून दाखवली, ती माझ्या डोक्याच्या वर होती. हे डोळ्यासमोर असलं की घाटावरची फरशी उखडलेली किंवा बाकडं वाकडं झालेलं बघून नाक मुरडावंसं वाटत नाही. इथं जे काही बांधतात ते कधीतरी पाण्याखाली जाणार आहे हे धरूनच बांधावं लागतं. कोयनेतून विसर्ग वाढला आणि वारणाही भरून आली की दोन-तीन दिवसांत चित्र पालटतं. जुलै ते सप्टेंबरात येणार असाल तर निघायच्या आधी बातम्यांत आयर्विनची पातळी बघा आणि ती चाळिशीकडे सरकत असेल तर बेत रद्द करा.

नाट्यमंदिराबद्दल आता. विष्णुदास भावे नाट्यमंदिर हे नाटकवाल्या माणसाला सांगलीत येण्याचं पहिलं कारण. पण एक लक्षात घ्या, हे वस्तुसंग्रहालय नाही. प्रयोग नसेल त्या दिवशी गेलात तर बंद दार आणि एक रखवालदार भेटेल. 4 तारखेला दुपारी आम्हाला तेच भेटलं. ‘कार्यक्रम न्हाई आज, आत न्हाई सोडत,’ विषय संपला. दुसऱ्या दिवशी चित्र पूर्ण वेगळं. 5 नोव्हेंबरला इथं विष्णुदास भावे गौरव पदक देतात आणि सगळी सांगली लोटते. आम्ही वेळेच्या बरंच आधी गेलो तरी बाल्कनीत मागं जागा मिळाली. जायचंच असेल तर दुपारचं जेवण उरकून सरळ जाऊन बसा.

बाल्कनीतून खाली बघताना माझ्या मनात एकच होतं. 1801 मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी या नदीकाठी सांगलीची गादी उभी केली. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ बघून त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदासांना म्हटलं, असं काही मराठीत करा. आणि 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं, ज्याला मराठीतलं पहिलं नाटक म्हणतात ते. तेव्हा नाट्यगृह नव्हतं, पडदा ओढायची आजच्यासारखी सोय नव्हती, तिकीट नव्हतं. पुढं याच सांगलीत नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मले, शेजारच्या हरिपुरात देवल. इतकं सगळं नदीच्या एवढ्याशा टापूत घडलं, आणि ते बघायला आलेल्या माणसाला घाटावर याबद्दलचा एक नीट फलक वाचायला मिळत नाही. फरशी बसवली, दिवे लावले, मग चार ओळी का नाहीत? राजवाड्यापासून नाट्यमंदिरापर्यंत, तिथून घाटापर्यंत, आणि रस्त्यानं हरिपूरच्या पारापर्यंत पाच-सहा फलक लावले तरी शाळेतली पोरं ही वाट आनंदानं चालतील. मला हे मनापासून वाटतं, आणि सांगलीत जो भेटला त्याच्याशी मी हे बोलले.

ज्यांना 5 तारखेची गर्दी नको त्यांनी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी गाठावी. सांगली हे तिचं केंद्र असतं, बहुधा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात किंवा डिसेंबरात. तिकीट अगदी नाममात्र, आणि रोज नवं नाटक. वेळापत्रक स्थानिक पेपरांत येतं. नेटवर शोधत बसण्यापेक्षा नाट्यमंदिराच्या बाहेरचा फळा बघणं किंवा सांगलीतल्या कुणाला फोन करणं जास्त भरवशाचं. व्यावसायिक नाटकांच्या जाहिरातीही स्थानिक आवृत्तीतच असतात.

गणपती मंदिर बघाच. पटवर्धनांनी बांधलेलं, आवार मोठं, सकाळी शांत. भाद्रपदात इथं चोर गणपती बसतो, चतुर्थीच्या आधीच, गाजावाजा न करता. आमराईत सकाळी फिरायला जा, शहरात इतकी जुनी सावली दुसरीकडे नाही. नदीकाठचे बाग-बगीचे म्हणून जे व्हिडिओत दाखवतात त्यापेक्षा आमराई कितीतरी सरस आहे.

शेवटचा दिवस आम्ही मिरजेत काढला. छान गेला. सतारमेकरांच्या गल्लीत गेलो, बालगंधर्व नाट्यगृह बाहेरून पाहिलं (1905 मध्ये नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, इथंच, तेव्हाच्या हंसप्रभा थिएटरात, शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले), मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या समाधीला हात जोडले. गल्लीत जाणाऱ्यांना एवढंच सांगते की तिथं कारागीर काम करत असतात. भोपळा कोरणाऱ्या माणसासमोर मोबाइल धरण्याआधी विचारा, आणि ‘शोपीस म्हणून छोटी सतार आहे का’ असं विचारू नका. आमच्यासमोर एकानं विचारलं, त्या कारागिरानं मान वर न करता ‘नाही’ म्हटलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. विकत घ्यायचं तर शिकणाऱ्या माणसाला सोबत न्या, नाहीतर बघून नमस्कार करून या.

खाण्याचं लिहायला फारसं नाही. भडंग गावात घ्या, स्टँडवर नको. स्टँडवरच्या पाकिटात शेंगदाणे मऊ निघाले आणि पैसे जास्त गेले. जेवणात वांग्याचं काही असेल तर तेच मागवा. काकूंनी दिलेली वांगी आम्ही साताऱ्याला आणली आणि त्यांचं भरीत केलं. ते वांगं वेगळंच असतं, ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको.

संध्याकाळ आयर्विन पुलावर घालवा, घाटावर नको. 1929 चा पूल आहे. तिथून सांगलवाडीच्या बाजूला सूर्य बुडताना नदीचा लांबवर पट्टा दिसतो. पुलावर वाहनं सुसाट जातात, कठड्याला लागून चाला, आणि फोटो काढायला रस्त्यात मधे उभे राहू नका. आमच्या पुढ्यात एका मुलाला दुचाकीचा आरसा लागता लागता राहिला.

ज्यांना नदी आणि साहित्य एकत्र हवं, आणि जानेवारीत सवड आहे, त्यांनी संक्रांतीला औदुंबरला जावं. तिथं कृष्णेच्या काठी दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, 1939 पासून. आम्ही पुढच्या वेळी तिकडेच जाणार आहोत. तिथं नदीकाठानं चालत जायची कुठली ‘सुंदर वाट’ कुणी सांगितली, तर आधी मळ्यातल्या माणसाला विचारणार.